पत्रा चढवण्याआधी

लेकीकडे इंग्लंडला गेलेले आईवडील तिकडे काय करतात, हे आता आपल्या बेळगावात सगळ्यांना पाठ झालंय. नातवंडाला बागेत न्यायचं, दुपारी डुलकी काढायची, शनिवार-रविवारी लेक-जावई नेतील तो किल्ला बघायचा आणि बॅगेतला कुंदा संपला की परतीचे दिवस मोजायचे. मागच्या वर्षी मे ते जुलै असे दहा आठवडे आम्ही दोघं कव्हेंट्रीजवळ लेकीकडे होतो. आमच्या हिने वरचं सगळं रीतसर केलं. मी मात्र त्यातले नऊ आठवडे घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये काढले. एक गाडी जेमतेम मावेल एवढी ती खोली. त्यामुळे संपादकांनी मागितलेलं प्रवासवर्णन माझ्याकडे नाही. पत्र्याबद्दल मात्र लिहिता येईल.

उद्यमबागेत ३४ वर्षं माझी शेड होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पोच्या बॉड्या, मधूनच एखादा पाण्याचा टँकर. दोन-तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला आणि डॉक्टरांनी ड्रिल आणि ग्राइंडर बंद करायला सांगितलं. कारागीर चांगले, म्हणून काम चालू होतं. शेजारच्या गाळ्यातले दोघे भाऊ शेड विकत मागत होते आणि मी त्यांना ‘इंग्लंडहून आल्यावर बघू’ असं सांगून विमानात बसलो होतो. मुलगा बेंगळुरूला असतो, त्याला पत्र्याशी देणंघेणं नाही. मुलीला होतं. शाळेतून परस्पर शेडवर यायची, ऑइलच्या रिकाम्या पिंपावर बसायची आणि जमिनीवर सांडलेली रिव्हेटं मापाप्रमाणे डब्यांत भरायची. आमची माणसं त्याला रिबीट म्हणतात, तीही तेच म्हणायची. पुढे बेळगावातच मेकॅनिकल इंजिनिअर झाली, मग पुण्याला नोकरी, मग लग्न, मग कव्हेंट्री. आता दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग आखते.

तिच्या गॅरेजमध्ये जे होतं त्याला तिकडे किट कार म्हणतात. आपल्या हायवेवर (जुना चार नंबर, आता अठ्ठेचाळीस) तुम्ही पाहिलं असेल, कारखान्यातून निघालेली ट्रकची नुसती चासी धावत असते. केबिन नाही, काच नाही, ड्रायव्हर तोंडाला टॉवेल गुंडाळून उघड्यावर बसलेला. बॉडी पुढे कुठल्या तरी गावात बांधली जाणार असते. किट कार म्हणजे तसंच काहीसं. फक्त गाडी दोन माणसांची, बाकीचे भाग खोक्यांत भरलेले आणि बॉडी बांधणारा म्हणजे मालक स्वतः. इंग्लंडात हा नाद जुना आहे. कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली ती सुट्या भागांतही मिळायची, कारण तयार गाडीवरचा पर्चेस टॅक्स सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी लोटसने त्या गाडीचे हक्क केटरहॅमला दिले; तिची वंशज आजही तिथे बनते. तिच्यावरून हात फिरवून कितीतरी छोट्या कंपन्यांनी आपापली किटं काढली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तक लिहिलं आणि घरोघरी लोक चौकोनी नळ्या वेल्ड करायला लागले. अडीचशे पौंडांत काही होत नाही, हे मी लेकीच्या हिशेबाच्या वहीवरून सांगतो.

तिची चासी म्हणजे एक इंची चौकोनी नळ्यांचा पिंजरा, काळ्या पावडर कोटिंगचा. बाळ व्हायच्या आधी घेतलेला. बाळ झालं आणि पिंजऱ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर डायपरची खोकी, खोक्यांवर सायकल. अशी चार वर्षं गेली. जावई शांत माणूस. आम्ही पोचलो त्याच आठवड्यात तो जेवताना म्हणाला, “या उन्हाळ्यात पत्रा तरी चढवू, नाहीतर देऊन टाकू. मागणारा एक आहे.” लेक काही बोलली नाही. रात्री भांडी विसळताना मला म्हणाली, “बाबा, तुम्ही फक्त उभे राहा. हात मी लावते.”

पहिला आठवडा ताडपत्री काढणं, पुसणं आणि मापं घेणं यात गेला. दोरा लावून चासीचे कर्ण मोजले. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलट, दोन्ही सारखे आले पाहिजेत. दीड मिलिमीटरचा फरक निघाला, तो चालतो. टेम्पोला आम्ही याच्या चौपट सोडून देतो.

बहुतेकांना वाटतं पत्रा म्हणजे झाकण, पाऊस आत येऊ नये म्हणून. पण खिडकीची काच नसलेली लाकडी चौकट हातात धरून दाबून बघा, ती तिरकी होते. तिच्यावर एक पातळ प्लायवूड ठोका आणि मग दाबा. हलत नाही. तळाच्या पत्र्याचं काम तेच. १.२ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, हाताने वाकेल एवढा, पण चारी कडांनी नळ्यांना जखडला की तो पिंजऱ्याला तिरकं होऊ देत नाही. वळणावर गाडी पिळते तेव्हा तो पिळा हा पत्राच खातो. म्हणून त्याची रिव्हेटं दर ५० मिलिमीटरला, आणि बाजूच्या पत्र्यांची ७५ ला चालतात. किटबरोबर आलेल्या पुस्तिकेत अंतर दिलं होतं, कारण दिलं नव्हतं.

तळाचा पत्रा खालून लागतो, म्हणून चासी उलटी करून लाकडी घोड्यांवर ठेवली. इंजिन अजून कोपऱ्यात होतं, त्यामुळे चौघांनी सहज उलटली. चौथा म्हणजे पलीकडचा निवृत्त शेजारी. तो नंतर रोज संध्याकाळी एक चक्कर मारून जायचा आणि काही न विचारता परतायचा. तिकडे मे-जूनमध्ये रात्री साडेनऊला उजेड असतो. लेक ऑफिसमधून आली, बाळाला भरवून झालं, की सात ते नऊ आमची पाळी.

पद्धत अशी होती. पत्र्यावर नळ्यांच्या मध्यरेषा आखायच्या, कागदी चिकटपट्टीवर खुणा करायच्या, पंच मारायचा, आणि ३.२ च्या रिव्हेटासाठी ३.३ चं भोक पत्र्यातून थेट नळीत पाडायचं. एक भोक झालं की त्यात स्प्रिंगची पिन घालायची. विमानाच्या कामातली ही वस्तू, तिकडे क्लेको म्हणतात. चिमट्याने दाबली की आत जाते, सोडली की पत्रा नळीला घट्ट धरते, पुन्हा दाबली की सुटते. या मापाच्या पिना तांब्याच्या रंगाच्या असतात. मी आयुष्यभर हे काम नटबोल्ट आणि सी क्लॅम्पवर काढलं. या पिना बघून मला खरंच हेवा वाटला. येताना चाळीस घेऊन आलो.

कुठून सुरू करायचं याबद्दल पुस्तिका गप्प होती, तिथे माझा उपयोग झाला. कोपऱ्यापासून सुरू केलं की पत्रा पुढे सरकत जातो आणि शेवटी मध्ये त्याला पोट येतं. मग त्यावर थाप मारली की डब्यासारखा टकटक आत-बाहेर होतो. मध्यापासून सुरू करून एक डावीकडे, एक उजवीकडे असं कडेला जायचं, म्हणजे पोट बाहेर निघून जातं. लेकीला हे आठवत होतं. “मारुती मामा असंच करायचे,” म्हणाली. मारुती आमचा जुना मिस्त्री.

सगळी भोकं झाल्यावर पत्रा परत उतरवायचा. याचा नव्या माणसाला फार कंटाळा येतो. पण ड्रिलने दोन पत्र्यांच्या मध्ये बर उभी राहते, कीस अडकतो, आणि तो काढल्याशिवाय पत्रा नळीवर बसतच नाही. मोठं ड्रिल बिट हातात धरून प्रत्येक भोक दोन्हीकडून फिरवून साफ केलं. ते काम मला दिलं होतं. दोनशेवर भोकं होती. हात कापत असला तरी या कामाला बाधा येत नाही, उलट बरं होतं.

मग आमचा एक वाद झाला. लेकीला पत्रा आणि नळी यांच्यामध्ये सगळीकडे चिकट सीलंट लावायचं होतं, पॉलियुरेथेनचं, वाळल्यावर रबरासारखं राहतं ते. माझं म्हणणं, रिव्हेटं इतकी जवळ असताना ही घाण कशाला? तिने दोन गोष्टी सांगितल्या. ताण फक्त भोकांच्या कडांवर न येता पूर्ण कडेवर वाटला जातो, ही एक. दुसरी मला आपल्या भाषेत कळली. कारवार-पणजीकडून दुरुस्तीला येणारे टेम्पो आठवा. लोखंडी अँगल, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि जोडावर पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू एकमेकांना लागले आणि मध्ये खारट पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कव्हेंट्रीला समुद्र नाही, पण हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठच टाकतात. सीलंट मध्ये असलं की धातू एकमेकांना शिवत नाहीत. स्टेनलेसची रिव्हेटंही तिने याच कारणाने नाकारली. दिसायला ती राजेशाही असतात, पण भोवतालचं ॲल्युमिनियम तीच खातात. नळीला पाडलेल्या भोकांच्या कडांवर जिंकचा प्रायमर लावला. हे सगळं मी आता इथल्या पोरांनाही सांगितलंय. गोव्याकडचं गिऱ्हाईक असेल तर सीलंटचे पैसे मागून घ्या म्हटलं.

सीलंट लावलं की घड्याळ सुरू होतं. वर साय धरायच्या आत पत्रा बसून सगळ्या पिना लागल्या पाहिजेत. त्या रविवारी जावई एका टोकाला, लेक मध्ये, आमची ही दारात नातवाला कडेवर घेऊन. तो प्रत्येक रिव्हेटाचा खिळा तुटताना होणारा ‘टक्’ ऐकून हसायचा आणि पुढच्याची वाट बघायचा. बरोबर त्याच वेळी माझा फोन वाजला, उद्यमबागेतून. लेकीने पडद्यावरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन पालथा ठेवला. दोनशे अकरा रिव्हेटं लागली. पत्र्यावर थाप मारली, टकटक नाही.

बाजूच्या पत्र्यांची गोष्ट वेगळी. ते लागले की आतलं बरंच काही कायमचं बंद होतं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक नेहमी घाईत असतं, आणि बॉडी बंद झाल्यावर आठवलेली वायर हा रोजचा विषय. दुसऱ्या एका वर्कशॉपमधून आलेला टेम्पो मी उघडला होता. मागच्या दिव्याची वायर क्लिपशिवाय तशीच सोडलेली. नळीच्या कडेला घासून घासून उघडी पडली होती आणि भोवतालचा रंग जळला होता. म्हणून लेकीला म्हटलं, पत्रा चढवण्याआधी काय काय व्हायला हवं ते गॅरेजच्या दारावर लिही. तिने खडूने लिहिलं. ब्रेकचा पाइप, पेट्रोलचा पाइप, हँडब्रेकची केबल, मागच्या दिव्यांची वायर, प्रत्येकाच्या क्लिपा. यादी संपायला अठरा दिवस लागले आणि त्या अठरा दिवसांत एकही पत्रा चढला नाही. जावई येता-जाता दाराकडे बघायचा. लेकीने आणखी एक केलं जे मला कधी सुचलं नव्हतं. प्रत्येक कप्प्यात मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढले. दहा वर्षांनी कुणाला त्या पत्र्यात भोक पाडायचं झालं तर मागे काय आहे ते दिसेल.

बाजूचा पत्रा मागे जाऊन वळतो. सीटच्या पाठीमागे त्याला गोलाई आहे, आणि ती हातानेच द्यावी लागते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, तो लावून बघितला, मग पत्रा. वळवताना बोटांनी दाबलं तर पत्र्यावर बोटं उमटतात आणि मग ती रंगातही दिसतात. सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा पत्र्यावरून फिरवायचा, खाली घोंगडी, आणि एक-एक दात आवळत जायचं. आवळायचं काम जावयाचं. मी गोलाईवर दोन्ही तळवे पसरून उभा. पत्रा कुठे ताणतोय, कुठे उगाच फुगतोय हे तळव्याला कळतं, डोळ्यांना उशिरा. आणि एक गंमत, बोटं कापतात पण असा पूर्ण तळवा टेकला की हात स्थिर राहतो.

दुसऱ्या दिवशी तोच पत्रा खुणांसाठी पुन्हा लावला. बाहेरून मी तळव्यांनी दाबून धरला होता आणि लेक पिंजऱ्यात आत बसून, गुडघे पोटाशी घेऊन, नळ्यांच्या कडेने पत्र्यावर मार्करने रेघा मारत होती. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. मार्करचा चर्र आवाज यायचा आणि तळव्यांना तो जाणवायचा.

“बाबा, शेडचं काय ठरलं?”

“अजून काही नाही.”

आवाज थांबला. मग म्हणाली, “माझ्यासाठी थांबला असाल तर थांबू नका. मी परत येऊन शेड चालवणार नाही.”

मी तिच्यासाठी थांबलोय असं मी कुणालाच, हिलाही, बोललो नव्हतो. पण रिव्हेटांचे डबे लावणारी पोरगी डोळ्यांसमोर होती हे खरं. पिंप अजून शेडमध्येच आहे.

मी म्हटलं, “खालची रेघ नीट मार. तिथं दोन नळ्या शेजारी-शेजारी आहेत.”

मार्कर पुन्हा सुरू झाला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “रागावलात?”

“नाही. पत्रा धरलाय.”

ती आतून सरपटत बाहेर आली तेव्हा दोघांनीही त्यावर काही काढलं नाही. पत्रा उतरवला आणि भोकं मारायला घेतली. आठवडाभराने मी त्या भावांना स्वतःहून फोन केला. भावाबद्दल फार ताणलं नाही. दोन अटी घातल्या. मारुती आणि वेल्डिंगवाला, दोघांनाही त्यांची इच्छा असेल तोवर ठेवायचं, आणि शेडचं नाव वर्षभर बदलायचं नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, “आज सांगताय? मला वाटलं मेमध्येच ठरवून आलात.”

फायबरच्या नाकाबद्दल थोडक्यात लिहितो, नाहीतर राग येतो. गाडीचं पुढचं टोक, रेडिएटरच्या भोवतीचं, साच्यातून फायबरमध्ये काढलेलं असतं. आमचं एका बाजूला बोटभर कमी भरलं. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की घासून बसवा. कमी पडलेलं घासून कसं वाढतं ते त्यांनाच ठाऊक. शेवटी बॉनेटची कड तेवढी तिरकी कापून सांधा जुळवला. मागचे मडगार्ड बोल्टने बसवले. फायबरला भोक पाडताना ड्रिल आधी उलटं फिरवायचं, म्हणजे वरचा चकचकीत थर तडकत नाही, आणि बोल्टखाली मोठा वायसर व रबर.

अशी घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तिकडे सरकारी तपासणी असते, आयव्हीए म्हणतात. ब्रेक, दिवे, धूर हे आलंच, पण पत्र्याच्या कडाही बघतात. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा गाडीवरून फिरवला तर जिथे जिथे तो टेकेल, तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. पायी जाणाऱ्याला गाडी घासली तर कापू नये म्हणून. १.२ मिलिमीटरच्या पत्र्याला अडीचची गोलाई येणार कुठून? मग कडांना रबराची पट्टी, बोल्टच्या डोक्यांवर टोप्या. आमच्या ट्रॉल्यांच्या कोपऱ्यांनी किती लुंगी-धोतरं फाडली असतील ते आठवत मी त्या पट्ट्या बसवल्या.

जुलैअखेर आम्ही निघालो तेव्हा पत्रे सगळे चढले होते, इंजिन अजून कोपऱ्यातच होतं. मागणाऱ्याला जावयानेच नाही म्हणून कळवलं. बाकीचं काम लेकीने हिवाळाभर केलं. तपासणीला या जूनमध्ये गेली. पहिल्या खेपेला दोन गोष्टी निघाल्या, एका आरशाची जागा आणि स्टिअरिंगखालच्या एका बोल्टचं उघडं टोक. पत्र्यात काही निघालं नाही. दुसऱ्या खेपेला पास झाली.

परवा तिने व्हिडिओ पाठवला. नातू बाजूच्या सीटवर कानाला मोठे हेडफोन लावून, मागे शेतं. मी तीनदा बघितला आणि फोन केला. म्हटलं, उजव्या मागच्या नळीत काहीतरी खुळखुळतंय, रिव्हेटाच्या खिळ्याचं टोक आत पडलं असणार. ती म्हणाली, “बाबा, चार आहेत. नळीत मेणाचा फवारा मारणार आहे, म्हणजे चिकटतील.” मी म्हटलं, गाडी आधी तापव, मेण पातळ राहिलं पाहिजे, आणि खालची पाणी निघायची भोकं बुजवू नकोस.